सेकंडहँड टकोमा घेतोयस? आधी मागचं डिफ बघ

भावा, अमेरिकेत पहिलाच पिकअप घेतोयस ना, मग रंग नि टायर नंतर बघ, आधी खाली वाकून मागच्या डिफरन्शियलचा (म्हणजे डिफ, इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी) गोळा बघ. २०१७ मध्ये टोयोटाने २०१६-१७ च्या साधारण २ लाख २८ हजार टकोमा ह्याच्यासाठीच रिकॉल केल्या होत्या (म्हणजे दोष फुकट दुरुस्त करायला परत बोलावल्या होत्या), ऑइल गळायचं आणि तशीच चालवत राहिलं तर डिफ जाम व्हायची भीती. गळत नसेल तर नट आवळून देत, गळत असेल तर गॅस्केट बदलत. १७ अक्षरं-आकड्यांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए ह्या अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक, रिकॉलचं काम बाकी दिसलं तर दुसऱ्या मालकालाही फुकट करून मिळतं. सर्व्हिस बुलेटिन (कंपनी डीलरला दुरुस्तीबद्दल पाठवते ती सूचना) म्हणजे रिकॉल नव्हे हं, तिथे वॉरंटी संपली की खिसा आपलाच.

माझ्या जुन्या गाडीला (कंपनी जाऊ दे) डीलर तीनदा म्हणाला, नुसता ओलावा आहे, नॉर्मल आहे. शेवटी रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी बशीएवढा डाग आणि गिअर ऑइलचा तो सडक्या अंड्यासारखा वास, फोटो दाखवला तेव्हा कुठे सील बदललं.

आणि हो, ऑइल स्वतः बदलणार असशील तर भरायचा बोल्ट आधी सोडव, मग खालचा, नाहीतर वरचा निघाला नाही की गाडी रिकामं डिफ घेऊन दारात उभी.