डॅशबोर्डमागे कशालाच न जोडलेला कपलर दिसला, काही राहून गेलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड हॅचबॅक, मधलं व्हेरिएंट. स्टिरिओ बदलायला ग्लोव्ह बॉक्स काढला तर मागे दोन वायरींचा पांढरा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा सॉकेट) मोकळाच दिसला. मग शोधत गेलात तर पुढच्या बंपरच्या आतही एक सापडला. आधीच्या मालकाने काही काढून विकलं, की कंपनीतच जोडायचं राहिलं? आणि आता त्यावर काही बसवता येईल का?

घाबरू नका, बहुधा दोन्ही नाही. मी चाकणजवळ हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींची बांधलेली जुडी, बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं काढली आहेत. असे 'बेवारस' कपलर आम्ही रोज मुद्दाम बनवायचो.

गाडीचं वायरिंग आजही बरंचसं हातानेच बनतं. एका मोठ्या तिरक्या बोर्डावर हार्नेसचं खऱ्या मापाचं चित्र चिकटवलेलं असतं. त्यावर खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि मुलं-मुली त्या खुंट्यांमधून एकेक वायर ओढत, टेप गुंडाळत जातात. आता समजा गाडीत पाच गोष्टी अशा आहेत की काही व्हेरिएंटला मिळतात, काहींना नाही: फॉग लॅम्प, मागचे स्पीकर, मागचा वायपर, कॅमेरा, ग्लोव्ह बॉक्समधला दिवा. यातलं काय आहे आणि काय नाही, अशा प्रत्येक मेळासाठी वेगळा हार्नेस करायचा म्हटलं तर 32 प्रकार होतात. दहा गोष्टी असतील तर 1024. प्रत्येकाचा वेगळा पार्ट नंबर, वेगळा रॅक, आणि असेंब्ली लाइनवर चुकीचा हार्नेस चढण्याची वेगळी भीती. एकदा डॅशबोर्ड बसला की चुकीचा हार्नेस बाहेर काढणं म्हणजे अख्खी गाडी उसवणं.

उलट बाजूला जास्तीच्या वायरीचा खर्च बघा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या एक मीटर वायरीत साडेचार ग्रॅम तांबं असतं. तीन मीटर वायर म्हणजे साडेतेरा ग्रॅम. तांबं किलोला हजार रुपये धरलं तरी चौदा रुपयांच्या आत. त्यात प्लॅस्टिक आणि टर्मिनल (वायरीच्या टोकाची धातूची पाती) धरलं की वीसेक रुपये. म्हणून कंपनी तीन-चारच प्रकारचे हार्नेस ठेवते आणि मधल्या व्हेरिएंटला वरच्याच्या काही वायरी फुकट देऊन टाकते. पण हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो. वर्षाला लाखभर गाड्या विकल्या जाणार असतील तर गाडीमागचे वीस रुपये म्हणजे वीस लाख. त्यामुळे सगळ्यात खालच्या मॉडेलच्या वायरी बऱ्याचदा खरोखरच कापलेल्या असतात. 'शेजाऱ्याच्या गाडीत कपलर आहे, माझ्या बेस मॉडेलमध्ये का नाही' याचं उत्तर हेच.

जर्मनीत महागड्या गाड्यांच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. तिथे गिऱ्हाइकाने मागितलेल्या सोयींनुसार त्या एकाच गाडीसाठी हार्नेस बनतो. त्याचा तोटा 2022 मध्ये दिसला. युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने युद्धामुळे अडकले आणि फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू यांचे जर्मनीतले प्लांट काही दिवस थांबले. ऑर्डरबरहुकूम हार्नेस ऐन वेळी दुसरीकडून आणणार कुठून? त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने काही देशांत दुसरं टोक गाठलं: सीट गरम करण्याची सगळी यंत्रणा गाडीत बसवलेली, पण ती चालू करायला महिन्याचं भाडं. लोक भडकले आणि 2023 मध्ये ते बंद केलं. तुमच्या पांढऱ्या कपलरचाच हा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा.

आता तुमच्या गाडीकडे. कपलर कंपनीतूनच मोकळा आला की कोणी काढला, हे हातात धरून कळतं. कंपनीचा असेल तर तो मागे दुमडून हार्नेसलाच कापडी टेपने बांधलेला असतो. आत टॉर्च मारा: टर्मिनल कोरी, ओरखडा नसलेली दिसतात. (एखादा बारीक ओरखडा दिसला तरी लगेच आधीच्या मालकावर आळ घेऊ नका. कारखान्यातून निघताना टेस्टिंग बोर्डावर प्रत्येक कपलर एकदा लावून तपासतात, रिकामा राहणारासुद्धा.) कोणी काढलेला असेल तर टेप नसते, टर्मिनलवर चकाकत्या रेघा असतात आणि हातभर अंतरावर त्याचा जोडीदार सापडतो. ग्लोव्ह बॉक्समागचा दोन वायरींचा कपलर बहुधा तिथल्या दिव्याचा असावा. बंपरमधला फॉग लॅम्पचा, आणि तसाच दुसरा उलट्या बाजूलाही असेल.

बसवता येईल का? इथेच लोक फसतात. कपलर हे वायरीचं एक टोक झालं. दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

माझ्याच गाडीचं सांगतो. तिच्यातही बंपरमागे कपलर होते. आधी फ्यूज बॉक्स उघडला. फॉगच्या फ्यूजची जागा रिकामी होती, पण आत पितळी पाती होत्या. शेजारच्या एका जागेत मात्र नुसतं प्लॅस्टिकचं भोक, तिथे कितीही फ्यूज खोचा, उपयोग शून्य. मग रिलेची जागा. (रिले म्हणजे स्विचच्या छोट्या करंटने दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी.) रिलेच्या पोटावर 30, 85, 86, 87 असे आकडे असतात. मल्टीमीटर लावून 30 च्या जागी, म्हणजे करंट आत येतो तिथे, 12 व्होल्ट येतात का पाहिलं. मग 87 च्या जागेपासून, म्हणजे करंट दिव्याकडे जातो तिथून, बंपरच्या कपलरपर्यंत वायर सलग आहे का तेही पाहिलं. दोन्ही होतं. तेव्हा कुठे लॅम्प, रिले, 15 अँपिअरचा फ्यूज आणि फॉगची रिंग असलेला कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळची दिव्यांची दांडी) आणला. 55 वॉटचे दोन दिवे साधारण 9 अँपिअर ओढतात, त्याला 15 चा फ्यूज बरोबर. दुकानदार 100 वॉटचे बल्ब गळ्यात मारेल, घेऊ नका. ती वायर तेवढ्यासाठी ओढलेलीच नसते.

सगळं लावलं आणि डावा दिवा लागला, उजवा नाही. कपलर काढून बघितला तर आत हिरवा गंज. चार वर्षं तोंड उघडं ठेवून बंपरमध्ये पावसाचं पाणी पीत होता बिचारा. सुईने खरवडून, क्लीनर मारून चालू झाला. तुमचाही आधी तपासा.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. स्विच दिव्याला थेट करंट देत नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, फक्त 'लाव' म्हणून सांगतो. आणि त्या मॉड्यूलमध्ये गाडीचं व्हेरिएंट लिहून ठेवलेलं असतं. वायर, फ्यूज, दिवा सगळं असूनही ते ऐकत नाही. मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून ती नोंद बदलणारा, म्हणजे कोडिंग करणारा गाठावा लागतो, आणि सर्व्हिस सेंटरवाले याला सहसा हात लावत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर वायर सोलून जोड मारू देऊ नका. कपलरला कपलर बसत असेल तरच पुढे जा.

काही कपलर मोकळे वाटतात पण नसतात. पिवळा असेल तर तो एअरबॅगचा. त्याला मीटर नाही, टेस्ट लॅम्प नाही, बोटसुद्धा नाही. स्टिअरिंगखालचा 16 खाचांचा, एका बाजूला निमुळता, तो स्कॅनर लावायचा. ज्याच्या तोंडावर टोपण आहे आणि मागे भरपूर वायरी आहेत, त्या टोपणाच्या आत वायरी एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. ते काढलंत तर भलतंच काहीतरी बंद पडेल. आणि पुढच्या सीटखाली सुटलेला कपलर दिसला तर तो मात्र खरंच निघालेला समजा. 1 जुलै 2019 पासून पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा इशारा सक्तीचा आहे, त्याची वायर तिथूनच जाते.

काही बसवायचं नसेल तर तो पांढरा कपलर होता तसा टेपने बांधून ठेवा, आणि टेप कापडीच घ्या. साधी काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. मी एकदा बांधायचं विसरलो होतो. दोन महिने प्रत्येक खड्ड्याला डावीकडून टकटक यायची. मेकॅनिकने सस्पेन्शनचे बुश बदलले, त्याचे पैसे घेतले, आणि टकटक तशीच. शेवटी बायकोने ग्लोव्ह बॉक्सवर हात दाबून धरला तेव्हा ती थांबली.