‘वर्णभेद’, ‘मज्जाव’ आणि ‘राखीव’: एका वाक्याच्या निमित्ताने

एका अनुवादकाने विचारले आहे की, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेविषयीच्या मजकुरात ‘सेग्रिगेशन’ला सरसकट ‘वर्णभेद’ म्हणावे काय, आणि ‘सेटलर’साठी ‘वसाहतवादी’ हा शब्द चालेल काय. सोबत त्यांनी आपले वाक्यही दिले आहे: “ऑरेगनला गेलेल्या वसाहतवाद्यांनी वर्णभेदही आपल्यासोबत नेला.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, मात्र त्यातले दोन्ही मुख्य शब्द मला खटकतात.

‘वर्णभेद’ हा शब्द माणसाची दृष्टी सांगतो, कृती सांगत नाही. ‘सेग्रिगेशन’ हे मुळात कृतीचे नाव आहे. लॅटिनमधील त्याच्या धातूचा अर्थ ‘कळपापासून बाजूला काढणे’ असा होतो. भेद मनात असू शकतो, बोलण्यात असू शकतो, पगारपत्रकातही असू शकतो. पण बाजूला काढण्यासाठी कोणाला तरी हात पुढे करावा लागतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्यातील १८९० च्या कायद्याने हे काम आगगाडीच्या कंडक्टरवर सोपवले होते. गोऱ्यांसाठी आणि इतरांसाठी वेगळे डबे असावेत, किंवा एकाच डब्यात मध्ये आडभिंत घालावी, आणि कोणी कुठे बसायचे ते कंडक्टरने ठरवावे, असा तो कायदा होता. नेमून दिलेल्या डब्यात न बसणाऱ्या प्रवाशाला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद होऊ शकत असे. ७ जून १८९२ रोजी न्यू ऑर्लीन्सहून कव्हिंग्टनला निघालेला होमर प्लेसी पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसला, उठायला नकार दिला आणि पकडला गेला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने तो कायदा वैध ठरवला. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती हार्लन.

प्लेसीचा हा खटला आपल्या शब्दनिवडीसाठीही उपयोगी आहे. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे होते आणि दिसायला तो गोराच होता. म्हणजे कायद्याने पाहिला तो त्वचेचा रंग नव्हे, तर कूळ. त्यामुळे येथे ‘वर्ण’ हा शब्द अपुरा पडतो. शिवाय मराठी वाचकाच्या कानात ‘वर्ण’ म्हटल्यावर चातुर्वर्ण्याचा ध्वनी उमटल्यावाचून राहत नाही. म्हणून मी ‘वांशिक विलगीकरण’ असे लिहीन. करोनाच्या साथीपासून ‘विलगीकरण’ला दवाखान्याचा वास लागला आहे हे खरे, पण ‘पृथक्करण’ प्रयोगशाळेने घेतले आहे आणि ‘विभाजन’ फाळणीने, तेव्हा उरलेल्यांत हाच बरा. चालत्या गद्यात तर ‘वेगळ्या डब्यात बसवत’ एवढे साधे क्रियापद पुष्कळदा नामापेक्षा अधिक सांगते. काही लेखक येथे ‘शिवाशीव’ वापरतात, ते मात्र टाळावे. लुईझियानाच्या त्याच कायद्यात दुसऱ्या वंशाच्या मुलाला सांभाळणाऱ्या दाईला सूट होती. म्हणजे गोऱ्या मुलाला मांडीवर घेऊन कृष्णवर्णीय बाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत असे. अडचण स्पर्शाची नव्हती, बरोबरीने बसण्याची होती.

आता ऑरेगन, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रदेश. तेथे मुळात जे घडले ते विलगीकरणही नव्हे. वेगळे बसवण्यासाठी माणूस आधी आत असावा लागतो. ऑरेगनने कृष्णवर्णीय माणसाला आतच येऊ दिले नाही. १८४४ साली तेथील हंगामी सरकारने गुलामगिरी बंद केली आणि त्याच कायद्यात मुक्त कृष्णवर्णीयांनी ठरावीक मुदतीत प्रदेश सोडावा, नाही तर फटके खावेत, अशी तरतूद घातली. फटक्यांचे कलम अंमलात येण्यापूर्वीच बदलले गेले आणि पुढच्या वर्षी कायदाही रद्द झाला, पण विचार टिकला. १८५७ मध्ये राज्यघटनेसोबत दोन प्रश्न मतदारांपुढे ठेवले गेले. गुलामगिरी नको म्हणणारे ७,७२७ निघाले, तर मुक्त कृष्णवर्णीय नकोत म्हणणारे ८,६४०. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, हे अनुवाद करताना विसरू नये. ते कलम घटनेतून १९२६ मध्ये निघाले. यासाठी मराठीत ‘मज्जाव’ हा नेमका, रोखठोक शब्द तयार आहे, ‘वास्तव्यबंदी’ही चालेल. जॉर्ज बुश नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी याच मज्जावामुळे आपल्या गोऱ्या सोबत्यांसह कोलंबिया नदी ओलांडून उत्तरेला, प्युजेट साउंडजवळ, राहायला गेला. १८५० च्या जमीनवाटपाच्या कायद्यानेही फुकट जमीन गोऱ्यांना आणि गोरे व अमेरिकी मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांनाच देऊ केली होती. बुशच्या शेतावरचा हक्क काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, १८५५ मध्ये खास कायदा करून मान्य करावा लागला.

बुशचे उदाहरण ‘वसाहतवादी’लाही अडचणीत आणते. ‘-वादी’ म्हणजे एखाद्या मताचा पुरस्कर्ता. बैलगाडीत बिऱ्हाड घालून निघालेला प्रत्येक कुणबी काही मताचा पुरस्कार करायला निघालेला नव्हता. १८७७ साली केंटकीहून कॅन्सासमधील निकोडेमसला आलेली, जमीन खणून त्यात घरे केलेली कृष्णवर्णीय कुटुंबे वसाहतवादी म्हणवून घ्यायला तयार होतील असे वाटत नाही. ‘वसाहतकार’ किंवा नुसते ‘वस्तीला गेलेले लोक’ म्हणावे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन किरकोळ शुल्कावर मिळे, मात्र पाच वर्षे तेथे राहून ती कसावी लागे. आपल्या जुन्या दप्तरांत पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी सवलतीचा, चढत्या साऱ्याचा ‘इस्तावा’ आढळतो, त्याची येथे आठवण होते. तरी ‘पडीक’ हा शब्द अमेरिकेच्या वर्णनात घालू नये. ती जमीन पडीक नव्हती, तेथल्या मूळनिवासी जमातींची होती, आणि ‘पडीक’ म्हणताच त्या मालकांना आपण भाषेतूनही हुसकावतो.

त्या मालकांविषयीही दोन शब्द जपून वापरावेत. १८३० च्या कायद्यानंतर चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या लोकांना पश्चिमेकडे नेले गेले, त्याला ‘स्थलांतर’ म्हणू नये. स्थलांतर पक्षीही करतात. ‘हकालपट्टी’ म्हणावे. मूळनिवासींच्या ताब्यातील मुलखाचे नाव असलेल्या ‘रिझर्व्हेशन’ला ‘आरक्षण’ म्हणणे तर आपल्याकडे हमखास घोटाळा करते, कारण वाचक थेट नोकरी-शिक्षणाच्या राखीव जागांकडे जातो. ‘राखीव भूमी’ बरे, पण तेही पहिल्या वेळी उलगडून लिहावे. करारांमध्ये जमातीने बाकीचा मुलूख सोडून काही भाग स्वतःकडे राखला, असा त्या शब्दाचा उगम आहे. सरकारने दया म्हणून काढून ठेवलेली जागा, असा नव्हे.

प्रश्नकर्त्याचे वाक्य मी असे लिहीन: “ऑरेगनमध्ये वस्तीला गेलेल्या गोऱ्यांनी तेथे गुलामगिरीला मज्जाव केला, आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांनाही.”