ज्याचा काही उपयोग दिसत नाही, अशा संशोधनावर सरकारने पैसा का घालायचा?

प्रश्न रास्त आहे. पैसा करदात्यांचा, तेव्हा हिशेब विचारायलाच हवा.

मी ज्या एन्झाइमवर पोट भरतो त्याचीच गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये कढत पाण्याचे झरे आहेत. 1960च्या दशकात थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सरकारी अनुदानावर तिथे नमुने गोळा करत होते. इतक्या गरम पाण्यात काय जगतं, एवढंच कुतूहल. 70 अंश सेल्सिअसला मजेत वाढणारा एक जिवाणू त्यांना आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझला सापडला. 1969 मध्ये त्याचं बारसं झालं, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. जिवाणू त्यांनी सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला. याचा उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

1983 मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढायची युक्ती सुचली: पीसीआर. त्यात डीएनएचे दोन धागे सुटे करायला नळी 95 अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि तेवढ्यात प्रती काढणारं नेहमीचं एन्झाइम शिजून निकामी होतं. म्हणून दर फेरीला झाकण उघडून ताजं एन्झाइम घालायचं, वेगवेगळ्या तापमानांच्या वॉटर बाथमधून नळ्या हाताने फिरवायच्या, असं वीस-तीस वेळा. नुसता वैताग. मग त्या संग्रहातला झऱ्याचा जिवाणू कामी आला. त्याचं एन्झाइम (आम्ही नुसतं 'टॅक' म्हणतो) एवढा ताप सहज सोसतं. आता मी ते एकदाच घालतो, मशीनचं झाकण लावतो आणि जेवायला जातो. कोविडमधली आरटी-पीसीआर चाचणी याच तंत्रावर उभी होती.

मुलिस कंपनीत नोकरीला होते, त्यामुळे कंपन्या शोध लावत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण झऱ्यातल्या बुळबुळीत थरासाठी 1966 साली कोणत्या कंपनीने पैसे मोजले असते? फायदा होईल की नाही ठाऊक नाही, झालाच तर वीस वर्षांनी, तोही दुसऱ्याच कुणाला! असला व्यवहार सरकारच करू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, लॉटरी लागलेलं तिकीट दाखवतोय. खरं आहे. ज्यांतून पुढे काहीच निघालं नाही असे शोधनिबंध ढिगाने पडलेत, त्यांत माझेही आहेत. ते आधीच गाळता आले असते तर पैसा वाचला असता, पण त्या चाळणीत ब्रॉकही अडकले असते.

म्हणून मला विचाराल तर थोडाथोडा पैसा पुष्कळ जणांना द्यावा आणि चार-पाच वर्षं मागे लागू नये. हिशेब जरूर मागावा: प्रयोग नीट केला का, फसला तर तसं लिहिलं का. अर्जातला 'अपेक्षित उपयोग' हा रकाना मात्र खुशाल काढून टाका. तिथे आम्ही सगळेच काहीतरी ठोकून देतो. मागच्या खेपेला मी कर्करोग लिहिला होता.