राजकारणातल्या पैशाचा समाजावर नेमका काय परिणाम होतो?

मतं विकत घेतली जातात हे सगळ्यांना दिसतं, पण माझ्या मते खरा घोळ त्याच्या बराच आधी, तिकीटवाटपातच होतो. "खर्च किती उचलाल?" हा पहिला प्रश्न असला की शिक्षिका, शेतमजूर, कारखान्यातला कामगार यांची नावं यादीत येण्याआधीच गळतात. मग सभागृहात बसणाऱ्यांना भाडेकरूची अडचण ऐकीव असते, घरमालकाची मात्र स्वतःची.

देणगीदार अख्खा कायदा क्वचितच विकत घेतो. त्याला भेटीची वेळ मिळते, बस्स. तेवढ्यात एखादं कलम सौम्य होतं, एखादी मुदत पुढे ढकलली जाते. त्याची बातमीही होत नाही.

पैसा कुणाचा हेच कळलं नाही तर आणखी पंचाईत. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेले निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची सोय, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग होतो म्हणून. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाने उलट कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंदी उठवली.

खर्चमर्यादा असते की, असं कुणी म्हणेल. असते, पण भारतात ती उमेदवाराला आहे, पक्षाला नाही.