बोकड किती किलो पडेल?

प्रश्न : माझा उस्मानाबादी बोकड वर्षाचा आहे. संध्याकाळी चरून आल्यावर काट्यावर २६ किलो भरला. व्यापारी म्हणतो, "९ किलोच मटण पडेल, तेवढ्याचेच पैसे." शेजारी म्हणतो, निम्मं पडतं, १३ चे माग. खरं कोणाचं?
– एक शेळीपालक, औसा

उत्तर : दोघांचंही नाही. शेजाऱ्याचा हिशेब भोळा आहे, व्यापाऱ्याचा मुळीच नाही.

चरून आलेल्या बोकडाच्या पोटात दोन-अडीच किलो चारा-पाणी सहज असतं. रात्रभर चारा बंद ठेवा (पाणी मात्र द्या) आणि सकाळी तोला. २४ च्या आसपास भरेल. आपल्याकडच्या शेळ्यांत या उपाशी वजनाच्या साधारण ४३ ते ४८ टक्के सोललेलं धड मिळतं. ४५ धरले तर १०.८ किलो. पावणेअकरा मागा, सव्वादहाच्या खाली उतरू नका.

हे हाडासकट. मटण आपल्याकडे नळीसकटच विकलं जातं, तेव्हा कोणी 'हाडं वजा' म्हणाला तर बोकड सरळ घरी आणा. मुंडी, पाय, वजरी, रक्ती यात धरलेली नाही. त्याचे पैसे खाटीक वेगळे करतो, तुम्हाला ते कोणी सांगत नाही.

पाठीवर हात फिरवून "वाळलाय" म्हणणं हा जुना डाव. शेळीची चरबी मेंढीसारखी कातड्याखाली फार साठत नाही, ती आत गुर्द्याभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात जाते. त्यामुळे भरलेल्या बोकडाचाही कणा हाताला लागतो. तुम्ही बरगड्यांच्या मागे, कमरेवर अंगठा दाबून कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस भरीव आहे का बघा. मग पुढच्या पायांमधलं छातीचं हाड चाचपा. तिथं गादी लागली तर ४५ च्या वर जा, हाड टोचलं तर ४३ वर समाधान माना.

काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. मापं इंचात, उत्तर किलोत. घेर २७, लांबी २४ असेल तर साडेसव्वीस किलो. घेरात एक इंच चुकलं की दोन किलोंचा फरक पडतो, म्हणून पुढच्या पायांच्या लगेच मागे, बोकड सरळ उभा असताना दोनदा मोजा. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, शेपटी सोडून.

बकरी ईदला देणार असाल तर मात्र हा हिशेब गुंडाळून ठेवा. तिथं दात, शिंगं आणि रूप बघून भाव ठरतो.