बहिणीला ल्युपस आहे, मी सी४ए जनुकाची टेस्ट करून घेऊ का?

ताई, बहिणीला ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) निघाला आणि लॅबवाला म्हणतोय की तुमचंही सी४ए जनुक गळालंय का ते बघून घ्या, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: नका करू. मी करून बसलेय, म्हणून सांगते.

माझी धाकटी बहीण परभणीकडं दिलीय. दिवाळीनंतर कापूस वेचताना तिच्या गालांवर लाली आली, नाकावरून दोन्ही बाजूंना पसरलेली. उन्हानं भाजलं म्हणून सगळे कोरफड लावत राहिले. पाय सुजले तेव्हा कळलं की लघवीतून प्रोटीन जातंय, म्हणजे ल्युपस आहे आणि तो मूत्रपिंडापर्यंत गेलाय. त्या धास्तीनं मी टेस्ट केली. सी४एची एकच प्रत निघाली.

सी४ची जनुकं दोन प्रकारची, ए आणि बी, सहाव्या गुणसूत्रावर. बहुतेकांकडं मिळून चार प्रती असतात, पण दोनपासून सहापर्यंतही सापडतात. त्यांच्यापासून बनणारं सी४ प्रथिन मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मदत करतं. ए कमी असलं की कचरा साचतो, आणि शरीर स्वतःच्याच डीएनएवर उठतं. म्हणून धोका वाढतो. पण वाढतो एवढंच. एकसारख्या जुळ्या बहिणींची सगळी जनुकं सारखी, तरी एकीला ल्युपस असला तर दुसरीला व्हायची शक्यता साधारण चारात एक.

दोन महिने मी रोज आरशात गाल बघत होते. संधिवाताच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, सकाळी बोटं आखडतात का, तोंडात फोड येतात का, लघवीला फेस येतो का? नाही म्हटल्यावर साधी लघवीची तपासणी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली. त्या जनुकाच्या रिपोर्टवर त्यांनी एक गोळीही लिहिली नाही. तुमचं लग्न व्हायचंय. असला कागद पाहुण्यांत फिरला तर काय होतं, ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

एक्झोम टेस्ट (सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणारी तपासणी) गळ्यात मारत असतील तर आणखीच नको. ए आणि बी इतकी सारखी आहेत की त्यात प्रती नीट मोजता येत नाहीत, त्याला एमएलपीए किंवा डिजिटल पीसीआर ही प्रती मोजणारी वेगळी तपासणी लागते. आणि बहिणीचं रक्तातलं सी४ कमी आलं म्हणजे जनुक गेलंच असंही नाही. आजार भडकला की ते प्रथिन खर्च होतं.

जनुकांची तपासणी खरंच करावी, ती लहान लेकराला ल्युपस झाला असेल तेव्हा. त्यातही आईवडील मामेभावंडं-आतेभावंडं असतील तर नक्कीच. नात्यातलं लग्न आपल्या गावोगावी आहे, आणि सी१क्यू नावाच्या प्रथिनाच्या जनुकाची दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तर दहातल्या नऊ जणांना ल्युपससारखा आजार होतो. तिथं आधी सीएच५० ही रक्ताची तपासणी करतात, सी१क्यू, सी४ अशा प्रथिनांची साखळी नीट चालते का ते त्यात कळतं. आजार शांत असतानाही ती शून्याजवळ राहिली, तर पुढची जनुकीय टेस्ट सोडू नका.

तुमचे पैसे बहिणीसाठी ठेवा. तिची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची गोळी चुकू देऊ नका, उन्हात जाताना तोंड-हात झाकायला लावा. आणि आज घरी गेल्यावर तिच्या फाइलमध्ये लघवीचा शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे, ते बघा.