वाचक विचारतात: लूशान डोंगरावर नेमकं आहे काय?

प्रश्न: चीनमधल्या लूशान डोंगरावर बौद्ध मठ पण आहे आणि जुनी विद्यापीठासारखी शाळा पण, असं ऐकलं. एकाच ठिकाणी दोन्ही कसं काय? आणि जायचं झालं तर आधी काय बघायचं?

उत्तर: लूशान जियांगशी प्रांतात आहे, एका बाजूला यांगत्से नदी आणि दुसऱ्या बाजूला पोयांग सरोवर, त्यामुळे बाष्प भरपूर आणि वर धुकंच धुकं. सगळ्यात उंच शिखर १,४७४ मीटर, म्हणजे फार नाही, पण लोक वरच्या गुलिंग गावात राहतात, ढगांचे फोटो काढतात आणि परत जातात. खरा माल पायथ्याला आहे राव!

तिथलं डोंगलिन मंदिर चौथ्या शतकात ह्वेइयुआन नावाच्या भिक्षूने सुरू केलं, ४०२ मध्ये त्याने १२३ जणांना घेऊन अमिताभ बुद्धाच्या सुखावतीत, म्हणजे त्याच्या स्वर्गासारख्या पवित्र भूमीत, जन्म मिळावा म्हणून संकल्प केला, आणि पुढे हीच परंपरा जपानपर्यंत गेली. तो पाहुण्यांना सोडायला फक्त ओढ्यापर्यंत यायचा, एकदा कवी थाव युआनमिंग आणि एका ताओ साधूशी गप्पा मारता मारता ओढा कधी ओलांडला कळलंच नाही, वाघ ओरडला आणि तिघं हसत सुटले, अशी गोष्ट सांगतात. आता ह्वेइयुआन वारला तेव्हा तो ताओ साधू जेमतेम दहा वर्षांचा होता, त्यामुळे गोष्ट बनावट, पण बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियन (कवी त्यांच्यातला धरतात) अशा तीन पंथांचे लोक एकत्र हसतायत हे चिनी चित्रकारांना एवढं आवडलं की शतकानुशतकं काढत बसले.

शाळेचं म्हणाल तर ती बायलूदोंग, पांढऱ्या हरणाची गुहा. थांग घराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) ली बो नावाचा विद्वान इथे हरीण पाळून अभ्यास करायचा म्हणून ते नाव. ११७९ मध्ये कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ जू शी या भागाचा अधिकारी झाला तेव्हा शाळेचे फक्त अवशेष उरले होते, त्याने ती परत बांधली, नियम लिहिले: भरपूर शिका, नीट विचारा, विचार करा, पारखा, आणि मग तसं वागा. मला सगळ्यात भारी वाटतं ते ११८१ चं. ज्याच्याशी त्याचे कडाक्याचे वाद व्हायचे त्याच लू ज्यूयुआन या तत्त्वज्ञाला त्याने व्याख्यानाला बोलावलं, विषय नीती की फायदा, आणि नंतर ते भाषण दगडावर कोरून घेतलं. विरोधकाचं भाषण, स्वतःच्या शाळेत!

तेव्हा आधी बायलूदोंग, मग डोंगलिन, आणि वेळ उरला तर वर. धबधबा बघायचा असेल तर थांग काळातला कवी ली बाय (वरचा ली बो नव्हे) याची या धबधब्यावरची कविता वाचून जा, फक्त त्यातले तीन हजार फूट खरे धरू नका.